नगरचे अमेरिकन रहिवासी आणि अमेरिकेचा सांस्कृतिक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या इतिहासाचे विवेचन करताना तेथील इतिहासकारांनी प्रदेश या घटकास फार मोठे महत्त्व दिलेले आहे. कोणत्या प्रदेशातील माणसे कोठे जाऊन वसली, जाताना त्यांनी कोणत्या चालीरीती बरोबर नेल्या आणि नव्या भूमीत त्यांचे काय झाले, या प्रश्नांच्या उत्तरांतून अमेरिकन संस्कृतीची घडण उलगडते असे त्यांचे मत आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी १८९३ साली शिकागो येथे वाचलेला सीमाप्रदेशाविषयीचा निबंध हा या विचारसरणीचा प्रसिद्ध नमुना होय. अमेरिकन स्वभावाची जडणघडण युरोपातून आणलेल्या संस्थांपेक्षा पश्चिमेकडील वसाहतीच्या अनुभवाने अधिक केली, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले.

टर्नर यांची दृष्टी पश्चिमेकडे होती. परंतु त्यांच्या निबंधापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे न्यू इंग्लंडमधील काही कुटुंबांनी पूर्वेची वाट धरलेली होती. त्यांपैकी एक शाखा १८३१ साली दख्खनच्या पठारावर अहमदनगर येथे येऊन राहिली. २०२४ साली या नगराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले; बोलण्यात मात्र ते पूर्वापार 'नगर'च राहिले आहे. या शाखेने नगर जिल्ह्यास काय दिले याची चर्चा मराठीत पुष्कळ झालेली आहे. शाळा, छापखाना, नियतकालिक, रुग्णालय व धर्मांतर ही त्या चर्चेतील परिचित प्रकरणे होत. याच्या उलट बाजूचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नगरमध्ये राहिलेल्या या माणसांच्या द्वारे नगरने अमेरिकेस काय दिले, आणि जे दिले त्याची नोंद कोणाच्या नावावर झाली, हा तो प्रश्न होय. टर्नर यांच्या पद्धतीनेच विचार केला, तर वसाहतकऱ्यास नवी भूमी बदलते हे तत्त्व कनेक्टिकटमधून ओहायोत गेलेल्या शेतकऱ्यास जसे लागू पडते, तसेच ते मॅसॅच्युसेट्समधून नगरला आलेल्या शिक्षकासही लागू पडावयास हवे.

२. न्यू इंग्लंडची वळणे

नगरला आलेली ही माणसे समग्र अमेरिकेची प्रतिनिधी नव्हती. १६२० साली प्लिमथ येथे व १६३० च्या सुमारास बॉस्टनच्या परिसरात वसलेल्या प्युरिटन पंथीयांच्या परंपरेत ती वाढलेली होती. या परंपरेची तीन लक्षणे येथे ध्यानात घ्यावयास हवीत. पहिले लक्षण शाळेचे. १६३६ साली हार्वर्डची स्थापना झाली आणि १६४७ च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्समधील पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावावर लेखनवाचन शिकविणारा शिक्षक नेमण्याचे बंधन आले. प्रत्येकास धर्मग्रंथ स्वत: वाचता यावा हा त्यामागील हेतू होता. दुसरे लक्षण छापील शब्दावरील विश्वासाचे. तिसरे लक्षण स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेचे. वरून नेमलेल्या बिशपची सत्ता नाकारून प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, हे काँग्रिगेशनल पंथाचे मूलतत्त्व होते.

याच परंपरेतून १८१० साली 'अमेरिकन बोर्ड' ही परदेशी धर्मप्रसाराची संस्था निर्माण झाली. तिचे कार्यालय बॉस्टन येथे होते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे तिचे दोन प्रतिनिधी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. पुढे अमेरिकन मराठी मिशन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कार्याचा हा आरंभ होय. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड व विल्यम हार्वे हे तिघे मिशनरी नगरला आले. त्यांच्या समवेत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते.

हे नगर त्या वेळी साडेतीनशे वर्षांचे जुने शहर होते. अहमद निजामशहाने १४९० साली ते वसविले. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने तेथील किल्ला घेतला आणि पेशवाईच्या अस्तानंतर तो सर्व मुलूख इंग्रजांच्या प्रत्यक्ष अमलाखाली आला. राजसत्ता गेलेली, अवर्षणाचे सावट नित्याचे, परंतु विद्येची व धर्माची दीर्घ परंपरा असलेली अशी ही भूमी होती. ज्ञानदेवांच्या गीताटीकेशी निगडित असलेले नेवासे आणि महिपतींचे ताहराबाद ही दोन्ही स्थाने याच जिल्ह्यात आहेत. मिशनऱ्यांनी ही भूमी अज्ञानाच्या अंधारात बुडालेली आहे असे गृहीत धरूनच तीत पाऊल टाकले. त्या गृहीताचे पुढे काय झाले, हाच या इतिहासातील महत्त्वाचा धागा आहे.

न्यू इंग्लंडची तिन्ही वळणे नगरमध्ये लवकरच दृग्गोचर झाली. न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या व १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालविल्या. या शाळा पाहून आपणास स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी स्वत: नमूद केले आहे, सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीशीही फरारबाईंचे नाव निगडित आहे. हेन्री बॅलंटाइन यांनी १८४२ साली 'ज्ञानोदय' नगरहून सुरू केले. पुढे ते मुंबईस हलविण्यात आले. तथापि त्याचा जन्म नगरचा. ही बाजू सुपरिचित असल्याने तिचा अधिक विस्तार येथे अप्रस्तुत ठरेल.

३. बाबाजींचे चरित्र

बॉस्टनच्या बोर्डाचे 'मिशनरी हेराल्ड' हे मासिक होते. मिशनऱ्यांची पत्रे व दैनंदिनीतील उतारे त्यात छापले जात आणि न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून ते वाचले जाई. यामुळे ज्या घरांतील माणसांनी न्यूयॉर्कही पाहिले नव्हते, त्या घरांत नगर जिल्ह्यातील गावांची नावे, पटकीच्या साथी, जत्रा, जातिभेद व दुष्काळ यांची वर्णने पोहोचली. हिंदुस्थानविषयी सामान्य अमेरिकन माणसाची जी पहिली कल्पना तयार झाली, तिच्या घडणीत या पत्रांचा वाटा मोठा आहे. ती कल्पना एकांगी होती हेही तितकेच खरे. देणगीदारांच्या मनात करुणा उत्पन्न करण्यासाठी लिहिलेल्या पत्रांत दैन्याचे व मूर्तिपूजेचे रंग गडद व्हावेत हे स्वाभाविक होते.

या प्रकारच्या लेखनाचा विस्तृत नमुना म्हणजे हॉलिस रीड यांचा 'द ख्रिश्चन ब्राह्मन' हा ग्रंथ. १८३६ साली न्यूयॉर्क येथे तो दोन खंडांत प्रसिद्ध झाला. १८३३ साली मृत्यू पावलेले बाबाजी रघुनाथ हे त्याचे चरित्रनायक. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा मराठी माणूस नायक व्हावा, ही त्या काळाच्या मानाने असामान्य घटना होय. बाबाजींचे लेखन व विचार त्यात आलेले आहेत; परंतु ते रीड यांच्या निवडीतून व रीड यांच्या भाषेतून आलेले आहेत. बाबाजींचे जीवन अमेरिकन वाचकाच्या हाती पडले ते एका पूर्वनिश्चित निष्कर्षाचा पुरावा म्हणून. नगरहून अमेरिकेस गेलेल्या पहिल्या देण्याचे स्वरूप असे होते: माणूस नगरचा, कथनावर मात्र अधिकार दुसऱ्याचा.

४. सूर्यसिद्धान्ताचे भाषांतर

दुसरे उदाहरण विद्येच्या क्षेत्रातील आहे आणि त्याचे मोल अद्याप कमी झालेले नाही. एबेनेझर बर्जेस हे १८३९ साली हिंदुस्थानात आले व १८५४ पर्यंत प्रथम नगर व नंतर सातारा येथे राहिले. शाळांकरिता मराठीत ज्योतिषशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. येथील विद्यार्थ्यांना व शास्त्र्यांना परिचित असलेल्या पद्धतीचा आधार घेतल्यावाचून असे पुस्तक उपयोगी पडणार नाही, हे ध्यानी आल्यावर ते भारतीय ज्योतिषाच्या मूळ ग्रंथांकडे वळले. त्या अभ्यासातून 'सूर्यसिद्धान्ता'चे सटीप इंग्रजी भाषांतर निष्पन्न झाले. १८६० साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात ते प्रसिद्ध झाले.

ही संस्था १८४२ साली बॉस्टन येथे स्थापन झालेली होती. अमेरिकेतील संस्कृत विद्येचा तो बाल्यकाळ होता. येल येथील प्राध्यापक विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी बर्जेस यांच्या हस्तलिखितावर परिश्रम घेऊन टिपांचा मोठा भाग तयार केला. अमेरिकन संस्कृत पांडित्याने जगापुढे ठेवलेल्या आरंभीच्या मोठ्या कामांत या भाषांतराची गणना करावी लागते. कलकत्ता विद्यापीठाने १९३५ साली त्याची पुनरावृत्ती काढली, यावरून त्याची उपयुक्तता लक्षात येते.

या ग्रंथात दोन गोष्टी विशेष उद्बोधक आहेत. पहिली म्हणजे व्हिटनी व बर्जेस यांचा मतभेद. भारतीय ज्योतिषाने आपली मुख्य तत्त्वे ग्रीकांपासून घेतली, असा व्हिटनी यांचा कल होता. बर्जेस यांना हे मान्य नव्हते. ग्रंथाच्या अखेरीस स्वतंत्र टीप जोडून त्यांनी आपला मतभेद नोंदविला आणि या शास्त्रातील बऱ्याच भागांत हिंदूंची मौलिकता मान्य करावी लागते असे प्रतिपादन केले. पुढील संशोधनाने त्यांची सर्व मते ग्राह्य ठरविलेली नाहीत. प्रस्तुत संदर्भात मतांच्या अचूकतेपेक्षा त्यांचा उगम महत्त्वाचा आहे. व्हिटनी यांचा निष्कर्ष येलच्या ग्रंथालयात बसून काढलेला होता. बर्जेस यांनी पंचांग करणाऱ्या माणसांबरोबर बसून ग्रहगणित पाहिलेले होते. हे शास्त्र त्यांनी जिवंत अवस्थेत, व्यवहारात वापरले जाताना पाहिले आणि तो अनुभव त्यांच्या मतास कारणीभूत झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट प्रस्तावनेतील आहे. भाषांतराचा पहिला कच्चा खर्डा आपण हिंदुस्थानात असतानाच, संस्कृत जाणणाऱ्या व ज्योतिषात निष्णात असलेल्या ब्राह्मणांच्या साहाय्याने केला, असे बर्जेस तेथे प्रांजळपणे सांगतात. त्या ब्राह्मणांची नावे मात्र ते देत नाहीत. व्हिटनी यांचे साहाय्य नावानिशी नोंदले गेले. ज्यांच्या मुखातून श्लोकांचा अर्थ प्रथम उलगडला, ते शास्त्री अनामिक राहिले. १८३६ साली नगरच्या माणसाचे नाव होते पण वाणी परकी होती; १८६० साली वाणी त्याची होती पण नाव गळले.

५. ह्यूम आणि अँडोव्हरचा वाद

विद्येपेक्षाही धर्मविचाराच्या क्षेत्रात नगरचा परिणाम अमेरिकेस अधिक जवळून जाणवला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ साली मुंबईत मिशनरी कुटुंबात झाला. येल येथे पदवी व अँडोव्हर येथे धर्मशिक्षण घेऊन १८७४ साली ते नगरला आले आणि सुमारे अर्धशतक तेथे राहिले. १८७८ साली त्यांनी नगरमध्ये देशी धर्मोपदेशकांकरिता विद्यालय स्थापन केले.

ज्यांना ख्रिस्ताचे नावही ठाऊक नाही ते मृत्यूनंतर कायमचे शापित ठरतात काय, हा त्या काळी न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांना भेडसावणारा प्रश्न होता. जुन्या मताचे उत्तर होकारार्थी होते. परदेशी मिशनला मिळणाऱ्या देणग्यांमागे हेच भय उभे होते. अँडोव्हरच्या काही अध्यापकांनी याहून निराळा विचार मांडला: ज्यांना या जन्मी संधी लाभली नाही, त्यांना ती मृत्यूनंतर लाभत असावी. १८८६ साली रजेवर स्वदेशी गेलेल्या ह्यूम यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या मताविषयी सहानुभूती व्यक्त केली. परिणामी बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना नगरला परत पाठविण्यास आढेवेढे घेतले.

या प्रश्नाचे नगरमधील रूप काय असेल, याचा विचार केल्यावाचून ह्यूम यांची भूमिका समजत नाही. बॉस्टनमध्ये हा प्रश्न ग्रंथातील वचनांच्या अर्थाचा होता. नगरमध्ये तो समोर बसलेल्या श्रोत्याच्या वाडवडिलांचा होता. आपला बाप, आजा व पणजा यांची गती काय झाली, असे नवख्रिस्ती माणसाने विचारल्यावर उपदेशकाला उत्तर द्यावे लागे, आणि सर्व पूर्वज नरकात आहेत असे सांगणे म्हणजे न्यायी व दयाळू ईश्वराच्या कल्पनेसच तडा देणे होते. पितरांविषयीची ही आस्था मराठी समाजात किती खोल आहे हे सांगावयास नको. दहाबारा वर्षे अशा समाजात काढलेल्या उपदेशकास अँडोव्हरचे मत केवळ पंडिती तर्क वाटले नसणार.

१८८६ साली दे मॉइन व १८८७ साली स्प्रिंगफील्ड येथे भरलेल्या बोर्डाच्या वार्षिक अधिवेशनांत या वादाने तीव्र स्वरूप धारण केले. ह्यूम यांना १८८७ साली परत जाण्याची अनुज्ञा मिळाली. वाद मात्र आणखी काही वर्षे धुमसत राहिला. १८९३ मध्ये याच मतामुळे अडकलेल्या विल्यम नॉइज यांची नेमणूक बोर्डाने मान्य केली, तेव्हा जुन्या मताची पकड सुटल्याचे स्पष्ट झाले. अमेरिकन प्रॉटेस्टंट पंथांत उदार धर्मविचाराचा जो प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला, त्याचे श्रेय एकट्या नगरला देणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची अनेक कारणे अमेरिकेत व जर्मनीत होती. तथापि त्या वादात अनुभवाची साक्ष देणाऱ्यांत नगरचा एक रहिवासी अग्रभागी होता, हे निर्विवाद आहे.

टर्नर यांचा निबंध ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने वाचला गेला, त्याच प्रदर्शनाच्या अनुषंगाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिकागोस सर्वधर्मपरिषद भरली. तेथे ह्यूम यांनी हिंदू व ख्रिस्ती विचारांतील साम्य व भेद या विषयावर भाषण केले. १९११ साली त्यांनी भारताच्या धार्मिक इतिहासाचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. अंधाराच्या गृहीतापासून साम्याच्या शोधापर्यंतचा हा प्रवास नगरच्या अमेरिकन वसाहतीने साठ वर्षांत केला. तो सर्वांनी केला नाही, आणि ह्यूम यांनीही ख्रिस्ती धर्माच्या श्रेष्ठत्वावरील श्रद्धा सोडली नाही; परंतु दिशा बदलली होती.

१८९९-१९०० च्या दुष्काळात या संबंधाची एक वेगळी कसोटी लागली. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या पत्राने अमेरिकेत वर्गणी उभारली आणि 'क्विटो' नावाच्या जहाजातून मका मुंबईस आला. मदतीच्या वाटपात ह्यूम प्रमुख होते. १९०१ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. मूठ-मूठ वर्गणी देणारे अमेरिकन शेतकरी नगर, अहमदनगर ही नावे ऐकून होते, याचे कारण 'मिशनरी हेराल्ड'मधील सत्तर वर्षांची पत्रे. परदेशातील दुष्काळासाठी सामान्य माणसांनी मदत उभारावी ही अमेरिकेत रुजलेली सवय अशा प्रसंगांतून घडत गेली.

६. उपनिषदे आणि संतचरित्रे

नगरमध्ये जन्मलेल्या पुढील पिढीने हा ठेवा विद्यापीठांत नेला. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांचा जन्म १८७७ साली नगरला झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मांच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यांनी केलेले तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर १९२१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले व १९३१ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. अनेक दशके इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती उपनिषदे पडत ती या भाषांतराच्या रूपाने. जिवंत धर्मांचा तौलनिक परिचय करून देणारे त्यांचे १९२४ चे पुस्तकही अमेरिकन महाविद्यालयांत रूढ झाले. त्याच कुटुंबातील एडवर्ड हिक्स ह्यूम हेही नगरलाच १८७६ साली जन्मले. त्यांनी चीनमधील चांगशा येथे येल विद्यापीठाशी निगडित रुग्णालय उभारले.

मराठी वाचकास याहून जिव्हाळ्याचे उदाहरण जस्टिन एडवर्ड्स ॲबट यांचे आहे. १८३४ साली आलेले व नगर भागात कार्य केलेले अमोस ॲबट हे त्यांचे वडील. जस्टिन ॲबट यांनी स्वत: दीर्घकाळ मुंबईत मिशनचे काम केले, निवृत्तीनंतर ते अमेरिकेत न्यू जर्सीतील समिट या गावी राहिले. तेथे त्यांनी 'महाराष्ट्रातील कविसंत' ही इंग्रजी ग्रंथमाला हाती घेतली. १९२६ साली भानुदास, त्यानंतर एकनाथ, १९२९ साली बहिणाबाई, १९३० साली तुकाराम व १९३२ साली रामदास अशी पुस्तके निघाली. ॲबट १९३२ साली निवर्तले. 'भक्तविजया'चे भाषांतर १९३३-३४ मध्ये त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले व 'भक्तलीलामृता'चे १९३५ मध्ये.

या दोन्ही मूळ ग्रंथांचे कर्ते महिपती (१७१५-१७९०) हे राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. 'भक्तविजय' १७६२ मध्ये व 'भक्तलीलामृत' १७७४ मध्ये पूर्ण झाले. देवघरात व देवळात ओवी ओवीने वाचल्या जाणाऱ्या या पोथ्या नगर भागातील मिशनऱ्याच्या मुलाच्या हातून इंग्रजीत गेल्या, आणि महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांचे ते पहिले साधन ठरले. ज्या परंपरेचे निर्मूलन करण्यासाठी वडिलांची पिढी आली, त्या परंपरेचे रक्षण करण्यात मुलाने आपले वार्धक्य वेचले.

या मालेत आणखी एक बदल दिसून येतो. 'भक्तविजया'च्या भाषांतराच्या मुखपृष्ठावर ॲबट यांच्या बरोबरीने पंडित नरहर गोडबोले यांचे नाव छापलेले आहे. बर्जेस यांच्या अनामिक ब्राह्मणांपासून गोडबोले यांच्या नावापर्यंत येण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली.

७. हातमागाचा प्रवास

आतापर्यंतची उदाहरणे ग्रंथांची झाली. शेवटचे उदाहरण हाताच्या कौशल्याचे आहे. नगर व भिंगार येथे विणकरीचा धंदा जुना. साळी, कोष्टी व तेलंगणातून आलेले पद्मसाळी यांच्या घराघरांत माग चालत. गिरणीच्या कापडामुळे हा धंदा खालावत असताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत शिकलेले डेव्हिड कॅरल चर्चिल हे नगरला आले. विणकराने घरी बसून चालवावयाचा, कमी श्रमात अधिक कापड देणारा सुधारित हातमाग तयार करणे हे त्यांनी आपले मुख्य काम मानले. दोरीच्या झटक्याने धोटा पलीकडे जाईल अशा मागाचे त्यांनी नगरमध्ये अनेक प्रयोग केले.

प्रकृतीस, खर्चास व घराच्या जागेस मानवेल असा माग कोणता, हे ठरविण्यास यंत्रशास्त्राचे ज्ञान पुरेसे नसते. ताणा कसा तुटतो, खळ किती लागते, फणी कोठे अडते, दिवसभर बसून विणणाऱ्याची पाठ कोठे भरून येते, या गोष्टी विणकराच्या अनुभवातूनच कळावयाच्या. नगरचे विणकर या प्रयोगांत परीक्षक होते, आणि त्यांच्या मागावरील दैनंदिन अनुभवावाचून सुधारणेस अर्थ उरला नसता.

पुढे चर्चिल अमेरिकेस परतले आणि केंटकी राज्यातील बेरिया येथे अध्यापन करू लागले. ॲपलेशियन डोंगराळ भागातील घरगुती विणकामाचे पुनरुज्जीवन करण्याची चळवळ तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होती. १९२२ साली चर्चिल व त्यांच्या पत्नी एलिनॉर यांनी 'चर्चिल वीव्हर्स' ही हातमाग संस्था सुरू केली. नगरमध्ये कमावलेला अनुभव वापरून चर्चिल यांनी तिचे माग स्वत: बांधले. पांघरुणे, शाली, गळपट्टे असा तिचा माल अमेरिकेत दूरदूर विकला जाई. २००७ साली तिचे काम बंद पडले. तिच्या विणलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह केंटकीच्या इतिहास संस्थेने जतन केला आहे.

अमेरिकन हस्तकलेच्या इतिहासात ॲपलेशियन विणकाम हे अस्सल देशी, डोंगरी, जुन्या वसाहतकऱ्यांच्या परंपरेचे प्रतीक मानले जाते. त्या प्रतीकाच्या एका प्रमुख कारखान्यातील मागाची पूर्वपीठिका नगरच्या साळ्यांच्या व पद्मसाळ्यांच्या घरांत आहे, ही वस्तुस्थिती 'देशी' या शब्दाचा फेरविचार करावयास लावते. बेरियाच्या संग्रहात कापडाचे तुकडे सांभाळले गेले. ज्यांच्या मागावर पहिले प्रयोग झाले त्यांची नावे त्या कापडावर नाहीत.

८. समारोप

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. नगरने अमेरिका घडविली असे म्हणणे हास्यास्पद होईल. न्यू इंग्लंडची शाळा, छापखाना व स्वायत्त मंडळी यांनी नगर जिल्ह्यावर जो ठसा उमटविला, त्याच्या तुलनेत उलट दिशेने गेलेले देणे परिमाणाने अल्प आहे. पण ते अल्प देणे नेमक्या मर्मस्थानी पोहोचले. अमेरिकन संस्कृत विद्येच्या आरंभी एक ग्रंथ, अमेरिकन धर्मविचाराच्या संक्रमणकाळात एक साक्ष, अमेरिकन महाविद्यालयांत उपनिषदांचे व संतांचे वाचन आणि अमेरिकन हस्तकलेत एक माग, अशी त्याची मोजदाद करता येते. सत्ताधारी इंग्रज जे देऊ-घेऊ शकत नव्हता, ते येथे शक्य झाले. कारण ही माणसे पिढ्यानपिढ्या येथे राहिली, येथे जन्मली, येथे पुरली गेली आणि मराठीत बोलली.

या इतिहासाचा दुसरा अर्ध अजून लिहावयाचा आहे. बाबाजींचे नाव आहे, गोडबोले यांचे नाव आहे; बर्जेस यांचे शास्त्री व चर्चिल यांचे विणकर अनामिक आहेत. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेले डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली अहमदनगर कॉलेजची स्थापना केली, तेव्हा नगरचा माणूस या व्यवहारात प्रथमच स्वत:च्या नावाने व स्वत:च्या निर्णयाने उभा राहिला. बॉस्टनच्या बोर्डाचा पत्रव्यवहार, जुन्या 'ज्ञानोदया'चे अंक, मिशनचे अहवाल आणि नगर व भिंगार येथील घराण्यांची दप्तरे ही एकत्र ठेवून वाचली, तर आणखी काही नावे हाती लागण्याचा संभव आहे. एखाद्या पंचांगकर्त्या घराण्याच्या रुमालात ग्रहगणिताच्या कागदांबरोबर एखाद्या 'साहेबा'चे पत्र सापडले, तर १८६० च्या त्या प्रस्तावनेतील एक रिकामी जागा भरून निघेल. तेवढे काम अमेरिकन इतिहासकाराकडून होणारे नाही. ते मराठी वाचणाऱ्यानेच करावयाचे आहे.